आंरी द्युत्रोशे

मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते, तर पाण्यात भिजत घातलेले बेदाणे टपोरे फुगतात. कैरीतील पाणी बाहेर का येते आणि बेदाण्यात ते आत का शिरते? या दोन्ही घटनांमागे निसर्गाची एकच क्रिया आहे. सजीवांच्या जीवनात या क्रियेचे महत्त्व केवढे आहे, हे जगाला दाखवून देणारा शास्त्रज्ञ म्हणजे आंरी द्युत्रोशे.

१४ नोव्हेंबर १७७६ रोजी फ्रान्समधील एका सरदार घराण्यात त्याचा जन्म झाला. जन्मतःच त्याचा एक पाय वाकडा होता. पुढे उपचारांनी तो सुधारला. पण दैवाची परीक्षा संपली नव्हती. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत त्याच्या घराण्याची मालमत्ता जप्त झाली. तरीही खचून न जाता तो वैद्यक शिकला व १८०६ साली त्याने पदवी मिळवली. पुढे सैन्याबरोबर तो स्पेनमध्ये गेला. तेथे तापाच्या साथीत रोग्यांची सेवा करीत असता तो स्वतःच आजारी पडला. मायदेशी परतल्यावर त्याने सैन्य सोडले आणि खेड्यातील घरी आईच्या सोबतीने राहून वनस्पती व प्राणी यांचा अभ्यास आरंभिला.

एकदा त्याने कोंबडीच्या आतड्याच्या पिशवीत दूध भरले, तिचे तोंड घट्ट बांधले व ती पाण्यात ठेवली. काही वेळाने पिशवी फुगून ताठ झाली. पाणी आपोआप आत शिरले होते! मग त्याने काचेच्या नळीच्या तळाशी असाच पातळ पडदा बांधला, आत साखरेचे पाणी भरले व नळी साध्या पाण्यात उभी केली. नळीतील पाणी हळूहळू वर चढू लागले. आतील द्रावण जितके दाट, तितका पाण्याचा ओघ जोरदार. वनस्पतींच्या व प्राण्यांच्या पेशींतही पाणी असेच ये-जा करते, हे त्याने १८२६ साली मांडले. या क्रियेस आपण परासरण म्हणतो. नोले या शास्त्रज्ञाला ती १७४८ मध्येच दिसली होती; परंतु तिचे मर्म ओळखले ते द्युत्रोशेने.

ही क्रिया विजेमुळे घडते, असे त्याने आरंभी प्रतिपादन केले होते. पुढे ते चूक असल्याचे त्याला कळून आले. तोवर त्याची कीर्ती पसरली होती आणि १८३१ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्यत्व दिले होते. तरी आपले मत सोडण्यात त्याने कमीपणा मानला नाही. १८३७ मध्ये त्याने आपले लेख एकत्र प्रसिद्ध केले आणि त्यांत जे समाविष्ट नाही ते आपण लिहिलेच नाही असे समजावे, असे स्पष्ट सांगितले.

४ फेब्रुवारी १८४७ रोजी त्याचे निधन झाले. पेशींच्या आवरणात पाण्यासाठी सूक्ष्म वाटा असतात, हे १९९२ मध्ये पीटर ॲग्रे याने दाखवून दिले. द्युत्रोशेने लावलेल्या रोपट्यालाच आलेले हे फळ होय. सत्य शोधण्यास बुद्धी लागते. पण स्वतःची चूक मान्य करण्यास मनाचा मोठेपणा लागतो. द्युत्रोशेपाशी दोन्ही होते.