पेशवाई बुडवणारा आणि शाळा काढणारा

मुंबईच्या लोकलने जाणाऱ्यांना प्रभादेवी स्टेशन माहीत असणारच. २०१८ पर्यंत त्याचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं. आणि फोर्टात काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज आहे. दोन्ही नावं एकाच माणसाची असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही एकटे नाही. बऱ्याच जणांची इथे गफलत होते. स्टेशनला नाव होतं ते १८५३ ते १८६० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनचं. कॉलेजला नाव आहे ते त्याच्या काकाचं, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं. तोही मुंबईचा गव्हर्नर, पण त्याच्या कितीतरी आधीचा.

आजची गोष्ट या काकाची. कारण पुण्यातली पेशवाई बुडवण्यात ज्या इंग्रजाचा सगळ्यात मोठा हात होता, तो हाच. आणि आपल्याकडे सरकारी पैशाने मराठी शाळा आणि मराठी पुस्तकं सुरू करण्यात ज्याचा पुढाकार होता, तोही हाच. आता बोला!

सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात

माउंटस्टुअर्टचा जन्म १७७९ चा, स्कॉटलंडमधल्या एका सरदार घराण्यातला. पण घरातला चौथा मुलगा. तिथल्या रिवाजाप्रमाणे किताब आणि जमीनजुमला थोरल्याकडे जायचा, धाकट्यांनी आपापली वाट शोधायची. त्याची वाट ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी. १७९६ मध्ये तो कलकत्त्याला उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. म्हणजे आज जे वय अकरावीच्या प्रवेशाची यादी बघण्यात जातं, त्या वयात हा पोरगा घर सोडून अर्धं जग ओलांडून आला होता.

सुरुवातीलाच त्याला मरण दिसलं. १७९९ मध्ये बनारसला अवधच्या पदच्युत नवाबाने, वझीर अलीने, तिथल्या इंग्रज रेसिडेंटला ठार केलं. एल्फिन्स्टन तेव्हा तिथेच नोकरीला होता. घोड्यावर टाच मारून पळाला म्हणून वाचला.

त्यानंतर त्याची नेमणूक झाली पुण्याला, पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंटच्या हाताखाली. रेसिडेंट म्हणजे कंपनीचा वकील. दरबारात बसायचं, गोड बोलायचं, सगळ्या बातम्या काढायच्या आणि वेळ आली की दम द्यायचा, असं ते काम. बंगालहून पुण्यापर्यंतच्या लांबलचक प्रवासात हा गडी पुस्तकांचे गठ्ठे बरोबर घेऊन वाचत वाचत आला. वाचनाचं हे वेड त्याला जन्मभर पुरलं.

१८०३ मध्ये असईची लढाई झाली. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांसमोर इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, तोच पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. एल्फिन्स्टन मुलकी नोकर, पण लढाईभर त्याच्या बरोबर घोड्यावर होता. त्याचा थंडपणा बघून वेलस्लीने त्याला सांगितलं म्हणे, की तू धंदा चुकलास, तू शिपाईच व्हायला हवं होतंस. पुढे तो नागपूरला भोसल्यांच्या दरबारात रेसिडेंट झाला. मग अफगाणिस्तानच्या शाह शुजाकडे वकिलात घेऊन गेला, त्याला १८०९ मध्ये पेशावरला भेटला आणि त्या मुलखावर एक जाडजूड ग्रंथच लिहून मोकळा झाला.

पुण्याचा रेसिडेंट

१८११ मध्ये तो पुण्याला परत आला, पण आता स्वतः रेसिडेंट म्हणून. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. शनिवारवाड्यात दुसरा बाजीराव गादीवर. दोघे एकमेकांना वरवर जपत होते आणि आतून एकमेकांवर डोळा ठेवून होते.

ठिणगी पडली १८१५ मध्ये. बडोद्याच्या गायकवाडांचा कारभारी गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाच्या वाटाघाटींसाठी पेशव्यांकडे आला होता. त्याच्या सुरक्षेची हमी इंग्रजांनी घेतली होती. त्याचा पंढरपुरात खून झाला. संशय गेला बाजीरावाच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळेवर. एल्फिन्स्टनने हट्टच धरला की डेंगळेला आमच्या ताब्यात द्या. बाजीरावाला द्यावं लागलं. डेंगळेला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, आणि १८१६ मध्ये तो तिथून चक्क निसटला. बाहेर घोड्याचा खरारा करणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून त्याला सुटकेचा बेत कळवला, अशी आख्यायिका आहे.

एल्फिन्स्टनला निमित्त मिळालं. जून १८१७ मध्ये त्याने बाजीरावाच्या गळ्यात असा तह मारला की मराठेशाहीचं पुढारीपणच पेशव्याने सोडून द्यावं. आता लढाई अटळ होती.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी ती खडकीला झाली. मराठ्यांचा सेनापती बापू गोखले. त्याची फौज इंग्रजांच्या कितीतरी पट मोठी. एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून खडकीच्या छावणीत पोचला आणि मागे मराठ्यांनी बंगला पेटवून दिला. त्यात त्याची सगळी पुस्तकं आणि कागदपत्रं जळाली. पण लढाई इंग्रजांनी जिंकली. बारा दिवसांनी पुणं त्यांच्या ताब्यात आलं आणि शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. शहराची लूट होऊ नये म्हणून एल्फिन्स्टनने धडपड केली, हेही खरं.

पुढे अष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनवर बिठूरला रवाना झाला.

इथे एल्फिन्स्टनची हुशारी बघा. फेब्रुवारी १८१८ मध्ये, लढाई चालू असतानाच, त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. भांडण बाजीरावाशी आहे, रयतेशी नाही. वतनं, इनामं, देवस्थानं यांना हात लागणार नाही, असा त्याचा मतलब. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना त्याने साताऱ्याच्या गादीवर बसवलं. झालं, लढणाऱ्यांपैकी अनेकांचं लढायचं कारणच निघून गेलं.

मुलूख हातात आल्यावर त्याने पंचायती, पाटील, कुलकर्णी ही घडी होती तशी ठेवायचा प्रयत्न केला. आधी ती कशी चालते याची नीट चौकशी केली आणि १८१९ मध्ये सविस्तर अहवाल लिहिला. पेशवाईतला गावगाडा कसा होता हे समजून घ्यायला अभ्यासक आजही तो अहवाल उघडतात.

पण त्याला फार मऊ समजू नका. पुण्यात इंग्रजांना मारायचा एक कट उघडकीला आला, तेव्हा त्याच्या म्होरक्यांना त्याने तोफेच्या तोंडी दिलं. वरच्यांनी सुचवलं की या शिक्षेबद्दल स्वतःला कायद्याचं संरक्षण मागून घे. त्याने नकार दिला. चुकलो असेन तर मला शिक्षा व्हावी, असं त्याचं म्हणणं. माणूस सरळ होता, पण ते सरळपण सत्तेच्या खुर्चीतलं होतं.

तंबूतला पुस्तकांचा ढीग

नोव्हेंबर १८१९ मध्ये वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि आठ वर्षं राहिला. त्याच्या काळात मुंबई इलाख्याचे कायदे एकत्र करून १८२७ ची संहिता तयार झाली. पण तुमच्या-माझ्या आयुष्याशी थेट जोडलेलं काम वेगळंच आहे.

त्याचा सहकारी जॉन ब्रिग्ज याने एक आठवण सांगून ठेवली आहे. एल्फिन्स्टनच्या तंबूत एका कोपऱ्यात छापील मराठी पुस्तकांचा ढीग पडला होता. ब्रिग्जने विचारलं, ही कशासाठी? उत्तर आलं की इथल्या लोकांना शिकवण्यासाठी, पण आपल्याला युरोपात परत नेणारा हमरस्ताही हाच आहे. ब्रिग्ज चकित झाला. असं असेल तर गव्हर्नर होऊन तुम्हीच हे काम कसं सुरू करता? एल्फिन्स्टनचं म्हणणं असं पडलं की काहीही झालं तरी या लोकांबद्दलचं आपलं कर्तव्य आपण करायलाच हवं.

म्हणजे बघा, शिकलेली माणसं एक दिवस आपल्याला घालवतील हे त्याला कळत होतं. तरी त्याने पैसे दिले.

१८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पेशवे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे, त्या खर्चातलाच काही भाग तिकडे वळवला. याच पाठशाळेचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी संस्था उभी राहिली, तिला सरकारची मदत मिळाली. गणित, भूगोल, गोष्टी अशा विषयांची पुस्तकं मराठीत तयार होऊ लागली. सदाशिव काशिनाथ छत्र्यांचं ‘बाळमित्र’ आणि त्यांची इसापनीती १८२८ मध्ये आली, ती याच लाटेत.

१८२७ मध्ये तो निघाला, तेव्हा मुंबईच्या लोकांनी त्याच्या नावाने वर्गणी जमवली. दोन लाखांहून जास्त रुपये! त्यातून जी संस्था उभी राहिली तिचंच पुढे एल्फिन्स्टन कॉलेज झालं. म्हणजे हे कॉलेज त्याने नाही काढलं, आपल्या लोकांनी खिशातून पैसे घालून काढलं. हे लक्षात ठेवा.

शाळा कोणासाठी?

आता ज्या गोष्टीवर आपण सहसा बोलत नाही, तिकडे येऊ.

शिक्षणावरच्या आपल्या टिपणात एल्फिन्स्टनने एक मुद्दा स्पष्ट मांडला होता. मिशनऱ्यांचा अनुभव असा आहे की सगळ्यात खालच्या मानलेल्या जातींतली मुलं उत्तम शिकतात, हे त्याने मान्य केलं. पण सरकारने त्यांना खास उत्तेजन देताना जपून असावं, असंही लिहिलं. का? तर शिक्षण आधी त्यांच्यात रुजलं तर बाकीचा समाज त्याच्याकडे पाठ फिरवेल आणि ते पुढे पसरणारच नाही, ही भीती. राज्य नुकतंच हाती आलं होतं, वरच्या वर्गाला दुखवायचं नव्हतं. पेशवाईत ज्यांच्या हातात विद्या होती, त्यांच्याच हातात ती बहुतेक राहिली.

इंग्रजांना घालवणारा रस्ता बांधायला तो तयार होता. पण त्याच रस्त्यावर सगळ्यांना चालू द्यायला त्याचं धाडस झालं नाही. परक्या राज्यकर्त्याच्या चांगुलपणाची हद्द इथे दिसते.

ती हद्द मोडली आपल्याच माणसांनी. एल्फिन्स्टन मुंबई सोडून गेला त्याच १८२७ साली जोतीराव फुले जन्मले. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, मग अस्पृश्य मानलेल्यांसाठी शाळा काढल्या. वरच्यांना शिकवलं की विद्या आपोआप खाली झिरपते, हे म्हणणं जोतीरावांनी १८८२ मध्ये सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साफ खोडून काढलं. रयतेच्या करातून पैसा घेता, तर रयतेच्या पोरांना शाळा द्या, हा त्यांचा रोख होता.

पुढे काय झालं?

एल्फिन्स्टन वाटेत ग्रीस वगैरे फिरत विलायतेला पोचला. गव्हर्नर जनरलपद दोनदा चालून आलं, दोन्ही वेळा त्याने प्रकृतीचं कारण सांगून नाकारलं. लग्न केलं नाही. पुस्तकांत रमला, १८४१ मध्ये हिंदुस्थानचा इतिहास लिहिला आणि २० नोव्हेंबर १८५९ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यात वारला.

आणि त्याचा तो हमरस्ता? ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर त्याच्या नावाच्या संस्थेत शिकवत होते. दादाभाई नौरोजी तिथेच शिकले, तिथेच प्राध्यापक झाले आणि इंग्रज हिंदुस्थानची संपत्ती कशी नेतात याचा हिशेब त्यांनी आकड्यांत मांडला. रानडे तिथले, गोखले तिथले. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजचे. शंभर वर्षांच्या आत एल्फिन्स्टनचं भाकीत खरं होताना दिसू लागलं.

शेवटचं नाव मुद्दाम राखून ठेवलंय. १९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून एक मुलगा मॅट्रिक झाला आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. ज्या समाजाला शिकवताना सरकारने जपून राहावं असं एल्फिन्स्टनने लिहिलं होतं, त्याच समाजातला हा मुलगा. भीमराव रामजी आंबेडकर.

तेव्हा या माणसाला आपण काय म्हणायचं, शत्रू की उपकारकर्ता? माझं म्हणाल तर दोन्ही शिक्के घाईचे आहेत. त्याने आपलं राज्य घेतलं, हे विसरायचं कारण नाही. त्याने पुस्तकं छापायला पैसे दिले, हे लपवायचंही कारण नाही. पण ती पुस्तकं ज्यांच्यापर्यंत तो पोचवू धजला नाही, त्यांच्यापर्यंत ती कोणी पोचवली, हे आपल्याला जास्त ठाऊक असायला हवं.

कधी पुण्यात बाजीराव रोडवर विश्रामबागवाड्यासमोर सिग्नलला थांबलात, तर वर त्या कोरीव लाकडी सज्जाकडे बघा. मग तिथून भिडेवाड्याच्या जागेपर्यंत चालत जा. अंतर अगदी थोडं आहे. आपल्या लोकांना ते कापायला सत्तावीस वर्षं लागली.