सहाशे रूबल

मादाम क्यूरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे रेडियम येते, दोन नोबेल पारितोषिके येतात आणि काळ्या पोशाखातील एक गंभीर स्त्री उभी राहते. शाळेच्या पुस्तकातला धडा तेवढ्यावर संपतो. मला मात्र त्यांच्या चरित्रातला एक लहानसा पैशाचा व्यवहार राहून राहून आठवतो. रक्कम सहाशे रूबलची, म्हणजे रेडियमपुढे अगदीच किरकोळ.

७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे मान्या स्क्लोडोव्स्का जन्मली. पोलंड तेव्हा रशियाच्या टाचेखाली होता. वडील पदार्थविज्ञान व गणित शिकवणारे मास्तर. मेहुण्याच्या धंद्यात त्यांनी गुंतवलेली सारी बचत बुडाली आणि घरात विद्यार्थी ठेवून त्यांच्या जेवणाखाणाच्या पैशावर संसार चालवण्याची पाळी आली. १८७८ मध्ये आई क्षयाने गेली. मान्या शाळेत पहिली आली, सुवर्णपदक मिळाले. पण वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेशच नव्हता. पॅरिसला जायचे तर पैसा हवा.

तेव्हा दोघी बहिणींनी एक करार केला. थोरली ब्रोन्या पॅरिसला जाऊन डॉक्टर होईल, धाकटी मान्या नोकरी करून तिला पैसे पाठवील. आणि ब्रोन्या मार्गाला लागली की ती मान्याला बोलावून घेईल. १८८६ च्या जानेवारीत मान्या श्चुकी नावाच्या खेड्यात एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकवण्यासाठी राहिली. पगार वर्षाला पाचशे रूबल. त्यातून बहिणीला पैसे जायचे. उरल्या वेळात ती गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना पोलिश लिहा-वाचायला शिकवी. सरकारला कळते तर शिक्षाच झाली असती. रात्री स्वतःचा अभ्यास. अशी वर्षे काढून ती १८९१ च्या नोव्हेंबरात पॅरिसला पोचली, तेव्हा ती चोवीस वर्षांची झाली होती. आपल्याकडे या वयाच्या मुलीला अजून शिकायचे आहे असे म्हटले, तर लोक काय म्हणतात ते मी सांगायला नको.

पॅरिसमध्ये सहा जिने चढून जायची माळ्यावरची खोली. हिवाळ्यात कोळशाची बादली स्वतः वर न्यायची. पाव, लोणी आणि चहा यांवर दिवस निघत. एकदा तर ती उपाशीपोटी चक्कर येऊन पडली. १८९३ मध्ये पदार्थविज्ञानाच्या परीक्षेत ती पहिली आली, आणि नेमका त्याच वेळी साठवलेला पैसा संपला. गणिताची पदवी राहिली होती. परत जाण्यासाठी पैसे कुठून आणायचे? सुटीत ती वॉर्साला आली ती हीच काळजी घेऊन.

आणि अचानक सहाशे रूबल मिळाले. परदेशी शिकू इच्छिणाऱ्या गुणी पोलिश विद्यार्थ्यांसाठी अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्ती होती. एका ओळखीच्या बाईंनी खटपट करून ती मान्याच्या नावे मिळवून दिली. पंधरा महिने पॅरिसमध्ये राहण्यापुरते हे पैसे होते. श्चुकीतल्या वर्षभराच्या पगाराहून शंभर रूबल जास्त, आणि तेही न मागता! पण पैसा आला म्हणून तिने चांगली खोली घेतली नाही की चार दिवस पोटभर जेवली असेही नाही. पुन्हा तीच काटकसर, तीच हिशेबाची वही. १८९४ मध्ये गणिताची पदवी मिळाली, दुसऱ्या क्रमांकाने.

इथपर्यंतची गोष्ट आपल्या ओळखीची आहे. आमच्या वर्गात शिष्यवृत्ती खात्यावर जमा झाल्याची बातमी आली की दोन दिवस दुसरा विषय नसतो. कुणाला मोबाईल घ्यायचा असतो, कुणाच्या घरी खताची उधारी थकलेली असते, कुणाला बहिणीची फी भरायची असते. माझ्या घरी कॉलेजात जाणारी मीच पहिली, त्यामुळे ही रक्कम नेमकी कुणाची, माझी की घराची, हा प्रश्न आमच्याकडे दरवेळी नव्याने निघतो. यांतला कोणताही खर्च वावगा आहे असे मला वाटत नाही.

पण पुढची गोष्ट निराळी आहे. फ्रान्समधील एका औद्योगिक संस्थेने पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास तिच्याकडे सोपवला. या कामासाठी जागा शोधतानाच तिची पिअर क्यूरी यांच्याशी ओळख झाली व १८९५ च्या जुलैत त्यांचे लग्न झाले. त्या कामाचा मोबदला हाती आला तेव्हा मादाम क्यूरींनी त्यातून सहाशे रूबल बाजूला काढले आणि शिष्यवृत्ती देणाऱ्यांना परत केले. ही शिष्यवृत्ती होती, कर्ज नव्हते. कुणी मागितले नव्हते, परत करायचा नियमही नव्हता. तेथील चिटणीस चकितच झाले, कारण असे आजवर कुणी केलेच नव्हते. मादामचा हिशेब सरळ होता. आपण परत केले की ते पैसे कुणा दुसऱ्या गरीब मुलीच्या वा मुलाच्या हाती पडतील. माळ्यावरच्या खोलीत आणखी कुणीतरी जिना चढत असेल, हे त्यांना कल्पनेने समजून घ्यावे लागत नव्हते.

यावरून मादाम क्यूरी म्हणजे पैशाला विटाळ मानणारी संन्यासिनी होती असे कुणी लिहिले तर ते मला पटत नाही. लग्नात एका नातलगाने भेट म्हणून पैसे पाठवले. त्याच्या त्यांनी दोन झकास सायकली घेतल्या आणि नवरा-बायको खेड्यापाड्यांतून मनसोक्त हिंडली! लग्नाचा पोशाख मात्र गडद रंगाचा निवडला, पुढे प्रयोगशाळेत वापरता यावा म्हणून.

१९०३ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग बेक्वेरेल यांना व अर्धा क्यूरी दांपत्याला मिळाला. त्यांच्या वाट्याला सत्तर हजार फ्रँक आले. हा पैसा कुठे गेला ते पाहण्याजोगे आहे. ब्रोन्या व तिचे पती झाकोपाने येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम चालवीत होते. त्यांना वीस हजार क्राऊन उसने दिले. (आई कशाने गेली होती ते वर आलेच आहे.) भावंडांना भेटी, पोलिश विद्यार्थ्यांना मदत, प्रयोगशाळेतल्या मदतनिसांना काहीबाही. लहानपणी वॉर्सात फ्रेंच शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मूळच्या फ्रान्समधील द्येप गावच्या, लग्न होऊन पोलंडमध्ये राहिलेल्या. आयुष्यात एकदा जन्मगाव पाहावे ही त्यांची इच्छा. मादामनी येण्याजाण्याचा सगळा खर्च देऊन त्यांना बोलावून घेतले, तेव्हा बाईंना रडू आवरेना. सत्तर हजारांतला सर्वांत सुंदर खर्च कोणता असे मला विचाराल तर मी हाच सांगेन. स्वतःच्या घरात नवे न्हाणीघर करून घेतले व एका खोलीच्या भिंतींना नवा कागद लावला. नवी टोपी घेण्याचे मात्र मनात आले नाही, आणि मुलींच्या विद्यालयातली नोकरीही सोडली नाही.

रेडियम काढण्याच्या पद्धतीचे पेटंट त्यांनी घेतले नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. १९०६ मध्ये पिअर अपघातात गेले तेव्हा देऊ केलेली पेन्शन नाकारून त्या शिकवायला उभ्या राहिल्या. १९११ मध्ये दुसरे नोबेल मिळाले. पहिल्या महायुद्धात त्यातला बराच पैसा त्यांनी फ्रान्सच्या युद्धकर्जात घातला. तो पुढे जवळजवळ बुडालाच. वडिलांचीही बचत अशीच गेली होती, पण मुलीने हे डोळे उघडे ठेवून केले होते.

१९२१ मध्ये अमेरिकन स्त्रियांनी वर्गणी जमवून त्यांच्यासाठी एक ग्रॅम रेडियम विकत घेतले. किंमत एक लाख डॉलर. ज्यांनी ते जगाला दिले त्यांच्या प्रयोगशाळेला ते विकत घेणे परवडत नव्हते! राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांच्या हस्ते २० मे रोजी समारंभ व्हायचा होता. आदल्या संध्याकाळी दानपत्र मादामना वाचायला दिले. त्यात रेडियम त्यांच्या नावे होते. त्यांनी ते बदलायला सांगितले. उद्या आपण मेलो तर हे रेडियम मुलींची खासगी मालमत्ता होईल, ते प्रयोगशाळेचेच झाले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. हे पुढच्या आठवड्यात करू, असे लोक समजावू लागले. त्यांनी ऐकले नाही. त्या रात्रीच वकील शोधून आणला गेला, कागद नव्याने झाला, सह्या झाल्या आणि मगच त्या दुसऱ्या दिवशीच्या समारंभाला तयार झाल्या. तिथे त्यांच्या हाती पेटीची सोन्याची किल्ली देण्यात आली. पेटीत रेडियम नव्हतेच. ते सुरक्षित जागी ठेवलेले होते.