नोकरी मिळाली इंजिनात तेल घालायची, पेटंटं मिळवली पन्नासहून जास्त! एलायजा मॅकॉय यांची गोष्ट

गाडी सर्व्हिसिंगला दिली की मेकॅनिक हमखास विचारतो, ऑइल कोणतं टाकायचं? मग ५डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५०, साधं की सिंथेटिक, अशी चर्चा सुरू होते. पण तेल कितीही चांगलं असलं, तरी ते योग्य वेळी, योग्य जागी पोहोचलं नाही तर त्याचा उपयोग शून्य. ही गोष्ट ज्यांनी मोटारी येण्याच्या आधीच ओळखली होती, त्यांच्यापैकी एक नाव म्हणजे एलायजा मॅकॉय.

गुलामीतून पळालेलं कुटुंब

मॅकॉय यांचे आईवडील, जॉर्ज आणि मिल्ड्रेड, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात गुलाम होते. तिथून ते 'अंडरग्राउंड रेलरोड'च्या मदतीने कॅनडात पळून गेले. नावात रेल्वे असली तरी यात ना रूळ होते, ना इंजिन. पळणाऱ्या गुलामांना लपवणाऱ्या आणि पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसांची ती गुप्त साखळी होती. कॅनडात गुलामगिरी कायद्याने संपलेली होती. तिथल्या ऑन्टारिओमधल्या कोलचेस्टर इथे १८४४ च्या सुमारास एलायजा यांचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतलं आणि मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात स्थिरावलं.

लहानपणापासून एलायजा यांना यंत्रांची ओढ होती. पण त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलाला इंजिनिअरिंग शिकायला मिळणं जवळपास अशक्य होतं. म्हणून वयाच्या पंधराव्या वर्षी आईवडिलांनी त्यांना थेट स्कॉटलंडमधल्या एडिनबरा शहरात पाठवलं. तिथे उमेदवारी करून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले.

शिकले इंजिनिअरिंग, काम मिळालं कोळशाचं

ते मिशिगनला परतले तेव्हा अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं आणि गुलामगिरीही कायद्याने गेली होती. नोकरी देणाऱ्यांची नजर मात्र बदलली नव्हती. मिशिगन सेंट्रल रेलरोडने त्यांना इंजिनिअर म्हणून नव्हे, तर फायरमन म्हणून घेतलं. भट्टीत फावड्याने कोळसा टाकायचा आणि इंजिनाच्या भागांना वंगण घालायचं, हे त्यांचं काम.

आता वाफेच्या इंजिनात वंगणाची अडचण काय होती ते समजून घेऊ. पिस्टन सिलिंडरमध्ये सतत पुढेमागे होतो. धातूवर धातू घासला की उष्णता वाढते, भाग झिजतात आणि शेवटी अडकतात. मध्ये तेलाचा पातळ थर असेल तर हे घर्षण कमी होतं. पण वाफेच्या इंजिनात तापलेली, ओली वाफ हा थर धुऊन नेते. त्यामुळे तेल पुन्हा पुन्हा घालावं लागायचं. अनेकदा त्यासाठी गाडी थांबवायची, माणसाने तेलाचा कॅन घेऊन खाली उतरायचं, एकेका भागाला तेल द्यायचं आणि मग पुढे निघायचं. यात वेळ जायचा. शिवाय कमी तेल घातलं तर भाग झिजायचे आणि जास्त घातलं तर तेल वाया जायचं.

वाफेलाच तेलाच्या कामाला लावलं

ज्याच्या हातात रोज तेलाचा कॅन आहे त्याला ही अडचण सगळ्यात जवळून दिसते. मॅकॉय तर शिकलेले इंजिनिअर होते. १८७२ साली त्यांनी वाफेच्या इंजिनासाठी स्वयंचलित ल्युब्रिकेटरचं पेटंट मिळवलं.

कल्पना साधी होती. तेलाने भरलेलं एक भांडं इंजिनाला जोडायचं आणि त्याची झडप उघडायला इंजिनातल्याच वाफेचा दाब वापरायचा. म्हणजे इंजिन चालू असताना तेल आपोआप आत जाणार आणि त्यासाठी गाडी थांबवावी लागणार नाही.

स्वयंचलित वंगणाचा हा पहिलाच प्रयत्न होता असं नाही. इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० च्या सुमारास असं एक उपकरण बनवलं होतं. मॅकॉय यांचं वेगळेपण असं की ते एका पेटंटवर थांबले नाहीत. पुढची चाळीसहून जास्त वर्षं ते ल्युब्रिकेटर सुधारत राहिले. आयुष्यभरात त्यांना पन्नासहून जास्त पेटंटं मिळाली आणि त्यातली बहुतेक वंगणाशी संबंधित होती. अपवादही आहेत. घडी घालता येणारा इस्त्रीचा टेबल आणि हिरवळीवर पाणी शिंपडणारा स्प्रिंकलर यांची पेटंटंही त्यांच्या नावावर आहेत.

पण शोध लावणं वेगळं आणि कारखाना काढणं वेगळं. त्यासाठी लागणारं भांडवल त्यांच्याकडे नव्हतं. म्हणून त्यांनी अनेक पेटंटांचे हक्क दुसऱ्यांना दिले आणि त्या पैशांवर पुढचं काम चालू ठेवलं. परिणामी त्यांच्या कल्पनेवर बनलेल्या बऱ्याच उपकरणांवर त्यांचं नावच नव्हतं.

इंजिन बदललं की तेलाची गरजही बदलते

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'सुपरहीटेड' वाफेची इंजिनं वाढू लागली. यात वाफ ३०० अंश सेल्सिअसच्याही वर तापवली जाते. त्यामुळे कोळसा कमी लागतो आणि ताकद जास्त मिळते. पण एवढ्या उष्णतेत जुनं तेल टिकेना.

मॅकॉय यांनी उपाय शोधला तो ग्रॅफाइटचा. पेन्सिलीतलं 'शिस' म्हणजे हेच. ते निसरडं असतं आणि तेल जळून जाईल अशा उष्णतेतही टिकतं. अडचण एकच, ही भुकटी तेलात मिसळली की खाली बसते आणि नळ्या तुंबवते. तेल आणि ग्रॅफाइट न तुंबता इंजिनापर्यंत नेणाऱ्या ल्युब्रिकेटरचं पेटंट त्यांना १९१५ साली मिळालं. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

१९२० साली त्यांनी डेट्रॉइटमध्ये अखेर स्वतःच्या नावाची कंपनी काढली. पण हे सुख फार टिकलं नाही. १९२२ मध्ये मोटार अपघातात ते आणि पत्नी मेरी दोघेही जखमी झाले आणि पुढच्या वर्षी मेरी गेल्या. १० ऑक्टोबर १९२९ रोजी मिशिगनमधल्या एलोइज इथल्या रुग्णालयात मॅकॉय यांचं निधन झालं.

'रिअल मॅकॉय' म्हणजे हेच का?

इंग्रजीत अस्सल वस्तूला 'रिअल मॅकॉय' म्हणतात. नकली ल्युब्रिकेटर नको म्हणून रेल्वेवाले मॅकॉय यांचाच मागायचे आणि त्यातून हा शब्द आला, असं सांगितलं जातं. पण याला भक्कम पुरावा नाही. याच्याशी मिळताजुळता 'रिअल मॅकाय' हा शब्द स्कॉटलंडमध्ये १८५६ मध्येच छापून आला होता. तेव्हा एलायजा जेमतेम बारा वर्षांचे होते.

त्यांचा खरा मान वेगळा आहे. २००१ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. २०१२ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने मुख्यालयाबाहेरची पहिली शाखा डेट्रॉइटमध्ये उघडली, तेव्हा तिला नाव दिलं एलायजा मॅकॉय यांचं.

तुमच्या गाडीशी याचा संबंध काय?

आजच्या गाडीत ल्युब्रिकेटरच्या जागी ऑइल पंप आहे. तो इंजिनच्याच ताकदीवर चालतो आणि इंजिन चालू असेपर्यंत तेल फिरवत राहतो. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मध्ये 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहतं ते सांगतो, तर दुसरा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहतं ते. जास्त दाट तेल म्हणजे जास्त चांगलं, असं मुळीच नाही. बारीक वाटांसाठी बनवलेल्या इंजिनात दाट तेल उशिरा पोहोचतं आणि तेवढ्या वेळात झीज होते. म्हणून ऑइल निवडताना गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल उघडा आणि त्यात दिलेला ग्रेडच टाका. इंजिन बदललं की वंगणही बदलावं लागतं, हे मॅकॉय यांनी वाफेच्या इंजिनावर ओळखलं होतं. तुमच्या गाडीलाही तोच नियम लागू होतो.