तिशीला टेकलेली शिष्या

काही वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या अकरा जणी गोव्याला जाऊन आलो. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या सोनाळ्यातून निघून समुद्र बघायचा, म्हणजे केवढा उत्साह! शेगावहून रेल्वे, मुंबईला गाडी बदलून मडगाव, पुढे बसने पणजी. पिशव्यांमध्ये धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. पणजीत चर्चच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या चढलो, महालक्ष्मीचं दर्शन घेतलं, मिरामारच्या वाळूत पाय बुडवून बसलो. संध्याकाळी मांडवी नदीतल्या बोटीवर गाणी आणि नाच होता. आधी लाजत होतो, मग आम्हीही पदर खोचून नाचलो.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्या दादांनी सांगितलं की कांपालला, नदीकाठच्या कला अकादमीत, सुरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह आहे. बाकीच्या काजू घ्यायला बाजारात गेल्या. आम्ही दोघीच गाणं ऐकायला गेलो. बी.ए.ला माझा संगीत विषय होता, म्हणून नाव ओळखीचं. ओळख किती, तर जयपूर घराणं, अल्लादियाखाँसाहेबांची शिष्या, परीक्षेतले दोन मार्क, एवढीच! त्या दिवशी दीनानाथ मंगेशकर कलामंदिरात बसून तंबोऱ्याचा सूर ऐकला आणि मनाशी ठरवलं, ही बाई कोण होती ते नीट वाचायचं. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तकं आणून वाचलं. आज तेच सांगते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यात फोंड्याजवळच्या केरी गावात. गोव्यात केरी नावाची आणखीही गावं आहेत, म्हणून जाणार असाल तर फोंड्याची केरी असंच विचारा. देवळाच्या सेवेत गाणं-नाचणं करणाऱ्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. त्या काळी अशा घरातल्या मुलीचं गाणं लोकांना हवं असे, पण त्या मुलीला घरंदाज म्हणून मान द्यायला कोणी तयार नसे. चांगल्या घरच्या बाईने गायचं नाही आणि गाणारीला चांगल्या घरची म्हणायचं नाही, असा तो काळ.

आठ वर्षांच्या असताना त्यांना कोल्हापूरला नेलं. तिथे अब्दुल करीमखाँसाहेबांकडे शिक्षण सुरू झालं आणि आठ-दहा महिन्यांत थांबलं. परत गोवा. तिथे रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे शिकल्या. बुवा कायम गोव्यात राहणारे नव्हते, ते येतील तेव्हा शिक्षण. सोळाव्या वर्षाच्या आसपास घरच्यांबरोबर मुंबईला आल्या. तिथे बरकतुल्लाखाँ या सतारवादकांकडे शिकल्या, भास्करबुवा बखल्यांकडेही काही काळ शिकल्या. एक गुरू मिळावा, हात बसू लागावा, आणि गुरू दुसऱ्या गावी निघून जावा, असंच चाललेलं. आपण असतो तर म्हटलं असतं, जाऊ दे, आपल्या नशिबात नाही.

केसरबाईंनी तसं म्हटलं नाही. त्यांना अल्लादियाखाँसाहेबांकडेच शिकायचं होतं. खाँसाहेब सहजासहजी होकार देणाऱ्यांपैकी नव्हते. पुष्कळ प्रयत्नांनंतर १९२१ साली त्यांनी केसरबाईंना गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या केलं. तेव्हा केसरबाईंचं वय तिशीला टेकलेलं होतं. मैफली करून पैसे मिळवता येत होते, मुंबईत नाव होऊ लागलं होतं. तरी त्या नव्याने पहिल्या इयत्तेत बसल्या. जयपूर घराण्याचं गाणं सोपं नव्हे. अवघड राग, लांबलचक दमसास, आणि सूर व लय एकमेकांत विणून पुढे जाणं. तासन् तास एकच तान घोटायची. अशी वर्षांमागून वर्षं गेली. खाँसाहेब १९४६ साली वारले, तोवर हे गुरु-शिष्येचं नातं टिकलं.

हे वाचताना मी पुस्तक मिटलं. कारण मला एक गोष्ट आठवली.

आमच्या भजनी मंडळात एक सून आहे. गळा असा की अभंग सुरू केला की मंदिरातल्या बाया बोलायच्या थांबतात. गोव्याला जायच्या आधी ती माझ्याकडे आली होती. तालुक्याच्या गावी गाण्याचा क्लास आहे, आठवड्यातून दोनदा जाऊ का, ताई तुम्ही सासूबाईंशी बोला ना, म्हणून. मी काय म्हणाले? अठ्ठावीस वर्षांची झालीस, दोन लेकरं पदरात, आता कुठे सा रे ग म करत बसतेस! मी, गावात महिलांच्या प्रश्नांवर भाषणं करणारी बाई! ती काही बोलली नाही. चहाचा कप विसळून ठेवला आणि गेली. माझी पेटी लग्नात माहेरी राहिली, ती मी कधी मागितली नाही. त्याचाच राग मी त्या पोरीवर काढला असेन.

पुस्तक पुन्हा उघडलं. पुढची केसरबाई ताठ कण्याची. भारतभर त्यांच्या मैफली होऊ लागल्या. कलकत्त्यात त्यांना सुरश्री ही पदवी मिळाली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ साली पद्मभूषण आणि महाराष्ट्र सरकारकडून राज्य गायिका हा मान. रेडिओवर गायला त्या राजी नसत. ध्वनिमुद्रिका दिल्या त्याही मोजक्या, तीन-साडेतीन मिनिटांच्या. ज्याला ऐकायचं त्याने समोर येऊन बसावं, असा त्यांचा बाणा. शिष्या म्हणून त्यांनी खऱ्या अर्थाने एकीलाच घडवलं, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना. आपल्या एकुलत्या मुलीला मात्र त्यांनी डॉक्टर केलं. सत्तरी ओलांडल्यावर, आवाज पूर्वीसारखा साथ देत नाही असं वाटताच, त्यांनी मैफली बंद केल्या. लोक नको म्हणेपर्यंत थांबल्या नाहीत.

आणि आता गंमत बघा. समोर बसलेल्यांसाठीच गाणाऱ्या या बाईचा आवाज सगळ्यात लांब गेला. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. दुसऱ्या कुठल्या ग्रहावर कोणी असेल तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली. जगभरातल्या संगीताचे २७ तुकडे तिच्यावर आहेत. त्यात भारताचा एकच, केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर-१ चं उड्डाण ५ सप्टेंबरला झालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ते यान आज आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरहून जास्त लांब आहे. ज्या घराण्यातल्या मुलींना गावात मान नव्हता, त्यातल्या एकीचा सूर साऱ्या पृथ्वीच्या वतीने चालला आहे. केरीत आज त्यांच्या नावाची शाळा आहे, तिथली पोरं रोज तेच नाव वाचत वर्गात जातात.

मला मात्र त्या यानापेक्षा १९२१ सालची ती बाई जास्त जवळची वाटते. मांडी घालून पुन्हा पहिला सा लावणारी.

दुसऱ्या दिवशी मी त्या सुनेच्या घरी गेले. तिच्यासमोरच तिच्या सासूबाईंना म्हटलं, माझं चुकलं, हिला जाऊ द्या. आठवड्यातून दोनदा म्हणाल तर त्यांना जमणारं नव्हतं, स्वयंपाकाचा आणि लेकरांचा प्रश्न होताच. शेवटी एक दिवस ठरला. त्या दिवशी लेकरं दुपारी माझ्याकडे. ती अजून शिकते आहे, मध्ये सुगीत दोन महिने खंड पडला, पुन्हा सुरू झालं. ती केसरबाई होणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी क्लासवरून आल्यावर लेकरांना घ्यायला दारात उभी राहते तेव्हा तिचा चेहरा बघावा.

आणि हो, माहेराहून पेटी आणली आहे. भाता फाटला होता, तो बदलून घेतला. तुमच्या घरात, आळीत अशी कोणी असेल, वय झालं म्हणून गप्प बसलेली, तर तिला एकदा विचारा. कदाचित ती तुम्हीच असाल.