पुरवून पुरवून वापरलेला रशिया

मायदेश कायमचा सोडताना माणूस बरोबर काय नेतो? सर्गेई रखमानिनॉफ या रशियन संगीतकाराला १९१७ च्या डिसेंबरमध्ये या प्रश्नाचे उत्तर घाईघाईने शोधावे लागले. क्रांतीने ढवळून निघालेल्या पेट्रोग्राडमधून पत्नी नतालिया आणि इरिना व तात्याना या दोन मुलींसह तो निघाला, तेव्हा निमित्त होते स्वीडनमधील मैफलींच्या निमंत्रणाचे. हाती लहान सुटकेसेस होत्या. त्यांत काही रचनांची टिपणे, त्याच्या अपूर्ण ऑपेराचा पहिला अंक आणि रिम्स्की-कोर्साकॉफच्या 'द गोल्डन कॉकरेल' या ऑपेराची स्वरलिपी होती. फिनलंडमार्गे रेल्वेने आणि काही अंतर बर्फातून उघड्या स्लेजने प्रवास करीत हे कुटुंब स्टॉकहोमला पोहोचले. रखमानिनॉफ तेव्हा ४४ वर्षांचा होता. त्यानंतरच्या २५ वर्षांत मायदेशाची भूमी त्याला पुन्हा दिसली नाही.

मागे राहिले ते फार मोठे होते. १८७३ मध्ये नोव्हगोरोद प्रांतात जन्मलेल्या सर्गेईच्या कानांवर लहानपणी आजीबरोबर चर्चला जाताना घंटानाद पडला, तो आयुष्यभर त्याच्या संगीतात घुमत राहिला. मॉस्कोच्या कॉन्झर्व्हेटरीतून त्याने १८९२ मध्ये सुवर्णपदक मिळविले. चायकॉव्हस्कीसारख्या बुजुर्गाने त्याच्या पाठीवर कौतुकाची थाप दिली. १८९७ मध्ये पहिल्या सिंफनीला दारुण अपयश आले आणि तो खचून गेला. डॉ. निकोलाय दाल यांच्या उपचारांनी सावरल्यावर त्याने दुसरा पियानो कन्चेर्तो रचला आणि तो त्यांनाच अर्पण केला. १९०२ मध्ये विवाह झाला. पत्नीच्या माहेरची, तांबोव्ह प्रांतातील इवानोव्हका ही जमीनजुमल्याची वाडी हेच त्याचे खरे घर झाले. लायलॅकची फुले, गव्हाची शेते आणि शांतता यांच्या सान्निध्यात त्याच्या बहुतेक मोठ्या रचनांनी आकार घेतला. क्रांतीच्या वणव्यात ही वाडीही हातची गेली.

नोव्हेंबर १९१८ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कला उतरले. डोक्यावर कर्ज होते आणि चौघांचा चरितार्थ चालवायचा होता. रचनाकाराला नियमित पगार कोण देणार? रखमानिनॉफने पियानोवादकाचा पेशा पत्करला. तोवर तो मुख्यतः स्वतःच्याच रचना वाजवीत असे. आता पंचेचाळिशीत त्याला शोपाँ, शूमान, लिस्ट यांच्या रचना नव्याने बसवाव्या लागल्या. प्रत्येक हंगामात डझनावारी मैफली, सतत रेल्वेचा प्रवास आणि रोजचा तासन् तास रियाज असा दिनक्रम ठरून गेला. पैसा आणि कीर्ती भरपूर मिळाली. श्रोत्यांची मागणी मात्र बहुधा एकाच रचनेची असे. विद्यार्थिदशा संपताच, १८९२ मध्ये, लिहिलेल्या सी शार्प मायनर प्रिल्यूडची. पुढे त्याला त्या प्रिल्यूडचा कंटाळा आला, तरी ती वाजविल्यावाचून सुटका नव्हती.

घराच्या उंबरठ्याआड मात्र त्याने रशिया जपून ठेवला. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड ड्राइव्हवर घर घेतल्यावर तेथे जाणीवपूर्वक इवानोव्हकाचे वातावरण उभे केले गेले. नोकरचाकर रशियन, पाहुणे रशियन, सणावारांच्या चालीरीतीही जुन्या रशियन. १९२३ मध्ये स्तानिस्लाव्हस्कीची मॉस्को आर्ट थिएटर ही नाट्यसंस्था अमेरिकेच्या दौऱ्यावर आली, तेव्हा या घराला जणू सणाचे रूप आले. ज्या काळात रशियात अन्नाचा दुष्काळ होता, त्या काळात तो तिकडच्या मित्रांना, कलावंतांना अन्नाची पार्सले पाठवीत होता. तिकडे भाकरीची वानवा होती, तर इकडे भाषेची.

ती वानवा भागविण्यासाठी १९२५ मध्ये त्याने पॅरिसमध्ये 'ताइर' ही प्रकाशनसंस्था काढली. तात्याना आणि इरिना या मुलींच्या नावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव तयार झाले होते. मायदेशाबाहेर विखुरलेल्या रशियन लेखक-संगीतकारांना त्यांच्या भाषेतून छापणारा कोणी हवा होता. मित्र निकोलाय मेट्नर याचे संगीतविषयक पुस्तकही १९३५ मध्ये याच संस्थेने प्रसिद्ध केले. मायदेशातून पुस्तके येणार नसतील, तर ती परक्या भूमीत छापायची, असा हा खटाटोप होता.

परंतु जपून वापरलेली शिदोरी जगायला पुरते. नवे पीक काढायला ती पुरतेच असे नाही. १९१७ पर्यंत ३९ क्रमांकांपर्यंत पोहोचलेल्या रखमानिनॉफच्या रचनासूचीत पुढच्या २५ वर्षांत अवघी सहा क्रमांकांची भर पडली. ४० वा क्रमांक लाभलेला चौथा कन्चेर्तो पूर्ण व्हायला १९२६ साल उजाडले. ज्याने रशियन कवितांवर ८० हून अधिक गीते बांधली, त्याने देश सोडल्यावर एकाही कवितेला नवी चाल दिली नाही. व्यस्त दौरे हे एक कारण होतेच. पण ज्या भाषेत आपण गातो ती भाषा खिडकीबाहेर ऐकू येईनाशी झाली की गाणेही आटते, हे कारण अधिक खोल असावे.

याला अपवाद ठरली ती 'थ्री रशियन साँग्ज'. वृंदगान आणि वाद्यवृंदासाठी १९२६ मध्ये केलेली ही रचना मुळात लोकगीतांची. त्यांपैकी तिसरे गीत लोकगायिका नादेज्दा प्लेवित्स्काया हिच्याकडून त्याला मिळाले. तिच्या गाण्याला स्वतः साथ करून त्याने त्याचे खासगी ध्वनिमुद्रणही करून घेतले. विक्रीसाठी ते तेव्हा निघाले नाही. एका गावाकडच्या गाण्याची ती तबकडी म्हणजे साठवणीच्या डब्यातली ठेवणच होती.

१९३१ मध्ये सोव्हिएत राजवटीवर टीका करणाऱ्या, न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापलेल्या पत्रावर त्याने इतरांबरोबर सही केली. उत्तरादाखल रशियात त्याच्या संगीतावर बंदी आली. ती काही वर्षांनी सैल झाली. पण तेवढ्या काळात दोन्ही बाजूंनी टंचाई झाली : त्याला रशिया मिळेना आणि रशियाला तो. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ल्यूसर्न सरोवराच्या काठी त्याने घर बांधले. सर्गेई, नतालिया आणि रखमानिनॉफ या नावांतून त्याचे 'सेनार' हे नाव घडले. तेथे निवांतपणा मिळताच लेखणी पुन्हा चालू लागली. १९३४ मध्ये पॅगानिनीच्या सुरावटीवरील 'रॅप्सडी' आणि १९३६ मध्ये तिसरी सिंफनी तेथेच पूर्ण झाली. युद्धाचे ढग जमल्यावर १९३९ मध्ये हे घरही सोडावे लागले.

१९४० मधील 'सिंफनिक डान्सेस' ही त्याची अखेरची रचना. तिच्या पहिल्या भागाच्या शेवटी एक शांत सुरावट येते. ती होती १८९७ च्या त्या अपयशी सिंफनीतली. ती सिंफनी एकदाच वाजली होती आणि तिचे हस्तलिखित रशियात मागेच राहिले होते. म्हणजे १९४१ च्या जानेवारीत फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाने ही रचना प्रथम सादर केली, तेव्हा त्या सुरांचे मूळ रचनाकाराखेरीज कोणाला ओळखता येणे जवळपास अशक्य होते. कोणत्याही सुटकेसमध्ये न आलेली वस्तू त्याने ४४ वर्षे मनात सांभाळली होती.

हिटलरने रशियावर आक्रमण केल्यावर जुने वैर विसरून त्याने मैफलींचे उत्पन्न सोव्हिएत सैन्याच्या वैद्यकीय मदतीसाठी दिले. १७ फेब्रुवारी १९४३ रोजी नॉक्सव्हिल येथे त्याची शेवटची मैफल झाली. कर्करोगाने जर्जर झालेल्या रखमानिनॉफने २८ मार्च रोजी, सत्तरावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, बेव्हर्ली हिल्स येथे प्राण सोडला. मॉस्कोतील संगीतकारांनी पाठविलेला शुभेच्छासंदेश पोहोचला, पण तो वाचण्याइतका वेळ त्याच्याजवळ उरला नव्हता. १९४५ मध्ये, लेनिनग्राडला सापडलेल्या वादकांच्या सुट्या प्रतींवरून उभी केलेली त्याची पहिली सिंफनी मॉस्कोत वाजली आणि गौरवली गेली.

आज परदेशी निघालेल्या मराठी तरुणाला मोबाइलवर हवे ते नाट्यगीत ऐकता येते, हवे ते पुस्तक मागविता येते. वस्तूंची टंचाई संपली. पण शेजारच्या खिडकीतून आपली भाषा सहज कानी पडण्याचे सुख अजूनही विमानाच्या सामानात मावत नाही. न्यूयॉर्कजवळच्या केन्सिको स्मशानभूमीत विसावलेल्या रखमानिनॉफला ते फार आधी उमगले होते.