इरावती कर्वे : शिष्या आणि मार्गदर्शक

१. प्रास्ताविक

मराठीचे अभ्यासक इरावती कर्वे यांना प्रामुख्याने ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’ आणि ‘युगान्त’ या ग्रंथांच्या लेखिका म्हणून ओळखतात. त्यांचे आयुष्य मात्र मानवशास्त्राच्या संशोधनात आणि अध्यापनात गेले. त्यांचे चरित्र या घटकात एका विशिष्ट अंगाने पाहावयाचे आहे. विद्यार्थ्याला मार्गदर्शन कोणाकडून मिळते, सोबत्यांचा आधार कोणत्या रूपाने लाभतो, आणि मार्गदर्शकाचे म्हणणे पुराव्याशी जुळेनासे झाले तर विद्यार्थ्याने काय करावे, हे तीन प्रश्न आपण समोर ठेवणार आहोत. नोकरी किंवा संसार सांभाळून, शिक्षकांपासून दूर राहून अभ्यास करणाऱ्यांना हे प्रश्न परके वाटणार नाहीत.

२. जडणघडण

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात झाला. त्यांचे वडील गणेश हरी करमरकर तेथे एका कापूस कंपनीत नोकरीस होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी शिक्षणासाठी त्यांना पुण्याच्या हुजूरपागा शाळेच्या वसतिगृहात पाठविण्यात आले. तेथे रँग्लर र. पु. परांजपे यांची कन्या शकुंतला ही त्यांची मैत्रीण झाली आणि पुढे परांजप्यांचे घर हेच त्यांचे दुसरे घर बनले.

ही घटना वरवर पाहता कौटुंबिक वाटते. परंतु आई-वडील समुद्रापलीकडे असताना एका सहाध्यायिनीच्या मैत्रीतून ग्रंथ, चर्चा आणि विवेकवादी विचार यांचे वातावरण या मुलीला लाभले. रँग्लर परांजपे हे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. औपचारिक मार्गदर्शनापूर्वी मिळालेला हा आधार इरावतीबाईंच्या बौद्धिक घडणीत फार मोलाचा ठरला.

३. पहिले मार्गदर्शक : गो. स. घुर्ये

फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञान विषय घेऊन १९२६ मध्ये पदवी मिळविल्यानंतर दक्षिणा शिष्यवृत्तीच्या आधारे त्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राकडे वळल्या. तेथे प्रा. गोविंद सदाशिव घुर्ये त्यांचे मार्गदर्शक होते. घुर्ये मूळचे संस्कृतचे अभ्यासक असून केंब्रिजमध्ये त्यांनी मानवशास्त्राचे शिक्षण घेतले होते. प्राचीन ग्रंथांतील पुरावा आणि प्रत्यक्ष समाजाचे निरीक्षण यांची सांगड घालण्याची त्यांची रीत इरावतीबाईंनी उचलली व ती अखेरपर्यंत सोडली नाही. एम. ए. साठी त्यांनी चित्पावन ब्राह्मणांचा, म्हणजे स्वतःच्याच समाजाचा, अभ्यास केला. आपल्या परिचयाच्या लोकांकडे अभ्यासकाच्या नजरेने पाहण्याचा हा पहिला धडा होता.

याच काळात महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दिनकरराव रसायनशास्त्रज्ञ होते व जर्मनीत शिकून आले होते. इरावतीबाईंनीही उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे, असे पतीला वाटत होते. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांचा मात्र या बेताला विरोध होता. हा विरोध बाजूला ठेवून, जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेऊन, १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या.

४. बर्लिन : मार्गदर्शकाच्या गृहीतकाविरुद्ध

बर्लिनमधील कैसर विल्हेल्म मानवशास्त्र संस्थेचे संचालक ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. मानवी कवटीच्या उजव्या व डाव्या बाजूंतील असमानता हा प्रबंधाचा विषय होता. विषय तांत्रिक दिसला, तरी त्यामागे एक गृहीतक उभे होते. युरोपीय लोकांच्या कवटीत ही असमानता अधिक आढळेल व तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी जोडता येईल, अशी फिशर यांची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्यांची मोजमापे घेतली. वंश आणि असमानता यांचा संबंध त्यांतून दिसून आला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसेच नमूद केले. या निष्कर्षाचे मोल समजण्यासाठी त्यांची परिस्थिती ध्यानात घ्यावयास हवी. देश परका, भाषा परकी, डोक्यावर कर्ज, आणि ज्यांच्या मतावर पदवी अवलंबून होती त्यांच्याच गृहीतकाला छेद देणारा पुरावा हाती. आकडे थोडे वाकविले असते तर वाट सोपी झाली असती. त्यांनी तसे केले नाही. दोन वर्षांनी त्यांना डॉक्टरेट मिळाली. फिशर पुढे नाझी राजवटीच्या वंशवादाचे समर्थक झाले, हे लक्षात घेता या प्रबंधाचे महत्त्व अधिकच जाणवते.

५. दुसरा मतभेद : घुर्ये आणि जातीचा प्रश्न

भारतात परतल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी मुंबईच्या महिला विद्यापीठात कुलसचिव म्हणून काम केले. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधन संस्थेत त्या समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि तेथेच अखेरपर्यंत राहिल्या.

या काळात जातीच्या उगमाविषयी त्यांचे मत घुर्ये यांच्या मतापासून दूर गेले. एका मूळ समाजाचे विभाजन होत होत जाती निर्माण झाल्या, असे घुर्ये मानीत. इरावतीबाईंच्या मते निरनिराळे गट आधीपासूनच स्वतंत्र होते व ते एका व्यवस्थेत शेजारी शेजारी येऊन बसले. त्यांच्या दृष्टीने जात म्हणजे विस्तारलेला आप्तसमूह होय. महाराष्ट्रातील कुंभारांचे त्यांनी दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. मोठे चाक वापरणारे आणि लहान चाक वापरणारे कुंभार एकाच नावाने ओळखले जातात, पण त्यांच्यात परस्पर विवाह होत नाहीत. हा मतभेद म्हणजे गुरूविषयीचा अनादर नव्हे. ग्रंथ आणि क्षेत्रकार्य एकत्र वापरण्याची घुर्ये यांचीच पद्धत अनुसरून शिष्या वेगळ्या उत्तराशी पोहोचली होती.

६. मार्गदर्शक इरावतीबाई

डेक्कन कॉलेजात इरावतीबाईंचे संशोधन सहकाऱ्यांच्या सोबतीने वाढले. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांच्यासमवेत गुजरातमधील लांघणज येथील उत्खननात त्यांनी भाग घेतला. य. भा. दामले यांच्याबरोबर ग्रामसमूहांतील परस्परसंबंधांचा आणि जयंत रणदिवे यांच्याबरोबर फलटण या वाढत्या शहराचा अभ्यास त्यांनी केला. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांच्या पाहणीत कन्या जाई निंबकर त्यांच्या सहसंशोधक होत्या. १९६८ मध्ये तरुण सहकारी कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. जातीविषयीचे आपले मत त्यांनी येथे पुन्हा पुराव्यासमोर उभे केले.

या प्रकाशनांवर सहकाऱ्यांची नावे त्यांच्या नावाशेजारी छापलेली आहेत. पाहणीचे कष्ट एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, असा प्रकार ज्ञानक्षेत्रात दुर्मिळ नाही. म्हणून या साध्या गोष्टीची नोंद घ्यावी.

त्यांच्या कार्याला मर्यादाही आहेत. बर्लिनमध्ये वंशश्रेष्ठत्वाचे गृहीतक नाकारूनही शरीरमापनाची पद्धत त्यांनी पुढे दीर्घकाळ चालू ठेवली. पुढील अभ्यासकांनी या पद्धतीवर टीका केली आहे. मार्गदर्शकाचा निष्कर्ष नाकारणे शक्य झाले तरी त्याच्या साधनांचा प्रभाव सहज पुसला जात नाही, हेही येथे दिसते.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाईंचे निधन झाले.

७. समारोप

इरावतीबाईंना घुर्ये यांच्याकडून पद्धत मिळाली, परांजपे कुटुंबाकडून आधार मिळाला, पतीकडून प्रोत्साहन मिळाले. फिशर यांच्याकडून मापनाचे तंत्र मिळाले आणि पुराव्याशी प्रामाणिक राहण्याची कसोटीही मिळाली. मार्गदर्शक विद्यार्थ्याला प्रश्न आणि साधने देऊ शकतो; उत्तराची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते. शिष्य आपल्याहून वेगळ्या निष्कर्षाला निर्भयपणे पोहोचू शकला, तर ते मार्गदर्शनाचे अपयश मानण्याचे कारण नाही.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. घुर्ये व फिशर या दोन मार्गदर्शकांशी इरावतीबाईंचे झालेले मतभेद कोणत्या बाबतीत सारखे व कोणत्या बाबतीत वेगळे आहेत?
२. इरावतीबाईंच्या शिक्षणात सहाध्यायी व कुटुंबीय यांचा वाटा स्पष्ट करा.
३. आपल्या अभ्यासात आपणांस सोबत्यांकडून मिळालेल्या मदतीविषयी दहा ओळी लिहा.