विश्लेषण : ‘डेक्सा’ चाचणीच्या मुळाशी असलेले रॉन्टजेन कोण होते?

हाडे ठिसूळ झाली आहेत का, हे पाहण्यासाठी डॉक्टर ‘डेक्सा’ चाचणी लिहून देतात. क्ष-किरण हाडात किती अडले, यावरून घनता काढली जाते. या किरणांचा शोध लावणाऱ्या विल्हेल्म रॉन्टजेन यांनी असे यंत्र बनवले नाही. पण कोणता पदार्थ किरण किती अडवतो, हे मोजायला सुरुवात त्यांनीच केली.

शाळेतून काढलेला मुलगा

आजच्या जर्मनीतील लेनेप येथे २७ मार्च १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. बालपण हॉलंडमध्ये गेले. उट्रेख्टच्या तंत्रशाळेत कुणी तरी शिक्षकाचे व्यंगचित्र काढले. रॉन्टजेन यांनी नाव सांगितले नाही, म्हणून शाळेने त्यांनाच काढले. शालेय प्रमाणपत्र हुकले. झुरिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळाला आणि १८६९ मध्ये डॉक्टरेटही. मात्र त्याच प्रमाणपत्राअभावी वुर्झबर्ग विद्यापीठाने अध्यापनाचा अधिकार नाकारला. गंमत अशी, की १८९४ मध्ये ते तिथलेच रेक्टर, म्हणजे कुलगुरू झाले.

पत्नीचा हात आणि धातूचे पत्रे

८ नोव्हेंबर १८९५ च्या संध्याकाळी काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या नळीजवळचा रासायनिक लेपाचा पडदा अंधारात चमकला. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था यांच्या हाताची प्रतिमा घेतली. अंगठीसह दिसणारी ती हाडे जगभर गाजली.

त्याच निबंधातील एक छोटा तक्ता मात्र फारसा कुणाच्या लक्षात नाही. प्लॅटिनमचा ०.०१८ मिलिमीटरचा पत्रा जेवढे किरण अडवतो, तेवढ्यासाठी शिसे ०.०५, जस्त ०.१ आणि ॲल्युमिनियम तब्बल ३.५ मिलिमीटर लागते. म्हणजे केवळ घनता आणि जाडीच्या गुणाकाराने हिशेब लागत नाही. पदार्थ कोणता, हेही महत्त्वाचे. पुढे हाडाशेजारी ॲल्युमिनियमची पायऱ्यांची पट्टी ठेवून एक्स-रे काढू लागले, ते याच तुलनेसाठी.

तरी साधा एक्स-रे अपुराच. सुमारे ३० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात फरक दिसत नाही. तोवर मणका पिचलेलाही असू शकतो. १९८० च्या दशकात आलेले डेक्सा यंत्र दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे किरण सोडते आणि स्नायू-चरबीचा वाटा वजा करते. यंत्र भरवशाचे आहे का, हे ठरवायला घनता माहीत असलेला नमुना, ‘फँटम’, त्यावर नियमित मोजतात. दोन कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे थेट जुळत नाहीत. त्यामुळे पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी.

पेटंट नाही, पैसा नाही

रॉन्टजेन यांनी पेटंट घेतले नाही. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल मिळाले, त्याची रक्कम वुर्झबर्ग विद्यापीठाला दिली. पहिल्या महायुद्धानंतरच्या महागाईने त्यांची बचत मातीमोल केली. बर्था १९१९ मध्ये गेल्या. १० फेब्रुवारी १९२३ रोजी आतड्याच्या कर्करोगाने म्युनिकमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार बहुतेक वैज्ञानिक पत्रव्यवहार जाळून टाकण्यात आला.